गोगलगाय आणि पोटात पाय

शुक्रवारी रात्री एक रिलीज होतं. ते आटपेपर्यंत पहाटेचे अडीच वाजले. शनिवारी दहाला उठलो, चहाचा कप घेतला आणि नेहमीप्रमाणे टाकीसमोर जाऊन बसलो, गोगलगायी मोजायला. सहा असायला हव्यात. पाच सापडल्या. दगडामागे बॅटरी मारून पाहिली, फिल्टरच्या तोंडाशी पाहिलं, वाळूत पाहिलं... नाही. शेवटी आईच स्वयंपाकघरातून येता येता म्हणाली, "ही बघ, निघाली बाजाराला." सहावी काचेवर चढून, कडा ओलांडून, स्टँडच्या पायापर्यंत उतरली होती आणि इन्व्हर्टरच्या दिशेने तिची वाटचाल चालू होती.

ही नेराइट जातीची. समुद्रकाठच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारी, त्यामुळे पाण्याबाहेर फेरफटका मारणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क. तिला कोण सांगणार, की बाई, ही अंबाजोगाई आहे, इथून समुद्र चारेकशे किलोमीटर आहे, ओहोटी संपून भरती काही यायची नाही.

तर आज या गोगलगायींबद्दल लिहायचंय. मागच्या वेळी टाकीचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा दोन-तीन मित्रांनी विचारलं की खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आहे, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी किती घेऊ? उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण एका ओळीत उत्तर देऊन आम्ही इंजिनिअर लोकांनी जगाचं काय भलं केलंय! म्हणून जरा सविस्तर.

टाकी लॉकडाऊनची. २०२१ मध्ये घरून काम चालू होतं, पुण्याची खोली सोडली होती, हातात पगार होता आणि खर्चायला जागा नव्हती. लोकांनी गिटार घेतली, आंबवलेल्या पिठाचे पाव भाजले. मी दोन फुटी, ८० लिटरची काचेची टाकी घेतली. पुढे ऑफिसने महिन्यातून एक आठवडा बोलवायला सुरुवात केली, बाकी काम घरूनच राहिलं, त्यामुळे टाकी इथेच राहिली.

गोड्या पाण्यातले मासे बहुतेकांनी पाळलेले असतात. खाऱ्या पाण्याचं प्रकरण वेगळं. समुद्राचं पाणी घरी बनवायचं म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. ते स्वयंपाकघरातलं मीठ नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं समुद्रात असतं ते सगळं असावं लागतं. पाणी बोअरचं चालत नाही, कारण त्यातले नायट्रेट आणि सिलिकेट हे शेवाळाचं खत. म्हणजे आरओचं पाणी. आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाजूला टाकतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून रोज लिटर-दीड लिटर गोडं पाणी भरावं लागतं, नाहीतर खारटपणा चढत जातो. हे सगळं बीड जिल्ह्यात. ज्या मांजरा धरणाच्या पाण्यावर आमच्यासकट अख्खं लातूर अवलंबून आहे ते धनेगावचं धरण याच जिल्ह्यात आहे, आणि २०१६ साली ते कोरडं पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा ठिकाणी हौस म्हणून समुद्र बनवायचा! मला याची लाज वाटते का? वाटते थोडी. आरओचं बाजूला पडणारं पाणी भांडी-फरशीला जातं, आईचा त्याच्यावर कडक पहारा असतो. पण त्या लाजेवर पुढे येतोच.

आणखी एक कबुली. माझ्या टाकीत जिवंत प्रवाळ नाही. दगड सिरॅमिकचा आहे, त्यावर जीवाणू वाढलेत, दोन विदूषक मासे आहेत, म्हणजे क्लाउनफिश. ते बंदिस्त पाण्यात पैदास केलेले आहेत असं खात्रीने कळल्यावरच घेतले. आपल्याकडे दगडी प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं वाघाच्या पंक्तीतलं संरक्षण आहे, २००१ पासून. वाघ पाळायची हौस कोणी करत नाही, पण 'रीफ टँक' म्हटलं की परदेशातले व्हिडिओ पाहून आपले लोक सर्रास प्रवाळ मागतात, आणि कोणीतरी ते आणूनही देतं. रीफमधून प्रवाळ वजा केलं तर काय उरतं, असं तुम्ही विचाराल. उरतं ते रीफचं घरकाम. कोण खातं, कोण घाण करतं, ती घाण कोण पचवतं. मला तरी तेच बघायला आवडतं.

माशाला दाणा टाकला की काही तो खातो, काही खाली पडतो. त्यातून अमोनिया होतो, जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट-फॉस्फेट साठलं की शेवाळ येतं. नव्या टाकीत आधी तपकिरी थर येतो, मग हिरवे केस. टाकी अशी दिसते की जणू विहिरीवरचा हौद. इथे गोगलगाय प्रवेश करते.

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, वरून गरीब आणि आतून बेरकी माणसाबद्दल. काचेला चिकटलेली गोगलगाय पलीकडून पाहिली की कळतं, म्हण जशीच्या तशी खरी आहे! पोट हाच पाय. शास्त्रीय वर्गीकरणात या मंडळींना गॅस्ट्रोपोड म्हणतात, ग्रीकमधून त्याचा अर्थ तोच, पोट-पाय. आपल्या आज्यांनी काचेच्या टाकीशिवाय हे बघून ठेवलं होतं. आणि त्या पायाच्या पुढे तोंड. ते उघडतं, आतून पट्टीसारखी जीभ बाहेर येते, काच खरवडते, आत जाते. पुन्हा बाहेर. या जिभेवर बारीक दातांच्या रांगांमागून रांगा असतात, झिजले की मागून नवे पुढे सरकतात. खडकाला चिकटून राहणारी, टोपीसारख्या कवचाची लिंपेट नावाची एक चुलत बहीण आहे. तिच्या दातांत लोहाचं खनिज असतं, आणि २०१५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तपासलं तेव्हा ते तोवर मोजलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत मजबूत निघाले, कोळ्याच्या रेशमापेक्षाही. रात्री दिवे बंद केल्यावर टाकीला कान लावला तर खरवडल्याचा आवाज येतो असं मी आईला सांगितलं होतं. तिने लावून पाहिला. तिला ऐकू आला नाही. खरं सांगायचं तर मलाही येत नाही, पण यायला हवा इतक्या निष्ठेने त्या काम करत असतात.

आता मूळ मुद्दा. परदेशी पुस्तकांत आणि दुकानांत या प्राण्यांना 'क्लीन-अप क्रू' म्हणतात. सफाई पथक. माझं म्हणणं असं की सगळी गडबड या शब्दात आहे. एकदा पथक म्हटलं की आपण नगाने मोजायला लागतो. एका गॅलनला एक, असा एक ढोबळ नियम सगळीकडे फिरतो. मीही फिरवला. ८० लिटर म्हणजे एकवीस गॅलन, म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून वीस गोगलगायींचं 'पॅकेज' आणलं. प्लास्टिकच्या पिशवीत, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, मांडीवर घेऊन. शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं काय आहे, मी म्हणालो गोगलगायी, ते खिडकीकडे सरकून झोपले.

पहिले तीन आठवडे काय दृश्य होतं! काच लख्ख, दगड लख्ख. मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. पाचव्या आठवड्यात एक पालथी पडली. मला वाटलं झोपलीय. (हसू नका.) मग दुसरी, चौथी. मेलेल्या गोगलगायीचा वास काय असतो ते ज्याने घेतलाय त्यालाच माहीत, आणि ती सडली की पुन्हा अमोनिया, म्हणजे पुन्हा शेवाळाला जेवण. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सर, नॉर्मल आहे, दर तीन-चार महिन्यांनी नवीन टाकायच्या." हे ऐकून मी खरंच गप्प बसलो. प्रिंटरच्या शाईबद्दल बोलतात तसं तो बोलत होता.

त्या कशाने मेल्या? बहुतेक उपासमारीने. वीस तोंडांना पुरेल इतकं शेवाळ ८० लिटरमध्ये महिनाभर होतं, मग संपलं. स्वच्छ टाकी म्हणजे गोगलगायीच्या दृष्टीने दुष्काळ. हे वाक्य मला दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात सुचलं असतं का, माहीत नाही.

काही कदाचित माझ्या घाईनेही गेल्या असतील. गोगलगायीच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं, माशासारखं ते सांभाळून ठेवायची सोय तिच्याकडे नाही. म्हणून पिशवीतून एकदम टाकीत टाकायची नसते. बारीक नळीने टाकीतलं पाणी पिशवीत थेंब थेंब सोडत तास-दोन तास लावायचे असतात. मी वीस मिनिटांत उरकलं होतं, स्टँड-अप कॉल होता. माझ्या पुण्यातल्या एका मित्राने तर माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध टाकलं. मासे वाचले, गोगलगायी सगळ्या गेल्या. तांबं या बिनकण्याच्या प्राण्यांना विष आहे, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं.

आणि विकणारे काय विकतात तेही बघा. 'टर्बो' म्हणून जे देतात त्यात एक मेक्सिकोच्या बाजूची जात आहे. ती तुलनेने थंड पाण्यातली, आणि अंगाने इतकी दांडगी की दगड पाडत जाते. 'मार्गारिटा' नावाची एक तर अमेरिकेच्या उत्तर पॅसिफिक किनाऱ्याची, गार पाण्यातली. २६ अंशांच्या टाकीत ती काही दिवस जगते म्हणजे मरायला वेळ घेते एवढंच. 'नासारियस' शेवाळाला तोंडही लावत नाही. ती वाळूत पुरून सोंडेसारखी नळी वर काढून बसते आणि मेलेल्याचा वास आला की धावते, पण शेवाळ खाणारी म्हणून पॅकेजमध्ये तीही असते. 'अ‍ॅस्ट्रिया' उलटी पडली तर तिला सहसा सरळ होता येत नाही. सपाट वाळूवर पडली की तिथेच उपाशी. ट्रोकस सरळ होते. म्हणून जाणकार ट्रोकस घ्या म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, फक्त आपल्याकडे त्यात एक खोच आहे. ट्रोकस निलोटिकस ही मोठी जात आणि टर्बो मार्मोराटस ही दोन्ही नावं त्याच वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत. त्यांच्या शिंपल्याच्या आतल्या चकाकीपासून शर्टाची बटणं व्हायची, अंदमानात त्यासाठी कित्येक वर्षं उपसा चालला. सगळे ट्रोकस किंवा सगळे टर्बो यादीत नाहीत, या ठराविक जाती आहेत. पण दुकानदाराला विचारलं, "ही कुठली जात, आली कुठून?" तर तो म्हणतो, "सर, चेन्नईचा माल." माल! जात माहीत नाही, समुद्र माहीत नाही, पाण्याचं तापमान माहीत नाही. आपण साधी एक लायब्ररी कोडमध्ये घेताना तिचं लायसन्स बघतो की नाही?

आता तुम्ही म्हणाल, अरे, गोगलगायच आहे. एवढं काय?

अगदी हेच अण्णा म्हणाले होते. पण त्यांनी जे म्हटलं ते जुलै २०२२ मध्ये, आणि त्यांना तसं म्हणायचा पूर्ण अधिकार होता.

आमचं शेत केज तालुक्यात. त्या वर्षी जूनअखेर पेरणी झाली, सोयाबीन वर आलं, पाऊस लागून राहिला आणि गोगलगायी आल्या. बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात त्या पावसाळ्यात काय झालं ते बातम्यांत तुम्ही वाचलं असेल. कोवळं दोन पानांचं रोप रात्रीत कापलं जायचं. सकाळी ओळच्या ओळ नाही. लोकांनी दुबार पेरलं, काहींनी तिसऱ्यांदा पेरलं. सरकारने पुढे मदत जाहीर केली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सल्ले फिरत होते, की बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढा, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी शेतात टाका, त्याखाली गोळा झालेल्या सकाळी वेचा आणि साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्यात टाका. हातात मोजे घाला.

मी आठवडाभर रजा टाकून शेतात गेलो. पहाटे पाचला बॅटरी घेऊन वेचायला. हाताच्या पंजाएवढ्या एकेक. पोती भरली. अण्णा पोत्यात मीठ ओतायचे आणि तोंड बांधायचे. आतून जो फसफस आवाज यायचा तो, टाकीत यायला हवा म्हणून मी जो ऐकायचा प्रयत्न करत होतो, तसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. मी हात धुऊन सवयीने टाकीपाशी गेलो आणि रोजचं पाणी भरायला लागलो. अण्णा दारात उभे. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमी मीठ टाकून मारायलोत, अन् तू मीठ टाकून जगवायलास." रागाने नाही. हिशोब सांगावा तसं.

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर शोधायला गेलो तेव्हा एक गोष्ट हाती लागली. शेतातली ती शंखी गोगलगाय आपली नाहीच. तिचं नाव आफ्रिकन जायंट स्नेल, मूळ पूर्व आफ्रिकेची. तिथून ती मॉरिशसला पोचली. आणि भारतात? विल्यम बेन्सन नावाचा एक ब्रिटिश मुलकी अधिकारी होता, शंख-शिंपल्यांचा नादिक. माणूस मोठा अभ्यासू, कितीतरी जातींना त्याने नावं दिली. १८४७ साली त्याने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यात आल्या आणि तिथल्या एका बागेत सुटल्या. कोणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. हौस होती. मग पावणेदोनशे वर्षं. कोरड्या दिवसांत जमिनीत शिरून शंखाचं तोंड बंद करून पडून राहायचं, पाऊस आला की वर. एका वेळी शंभराच्या वर अंडी. रोपवाटिकांच्या कुंड्यांतून, मातीतून, ट्रकमधून सरकत सरकत ती आमच्या बांधावर आली.

म्हणजे अण्णांच्या पोत्यातल्या गोगलगायीच्या सुरुवातीला एक माझ्यासारखाच माणूस होता. हे वाचल्यापासून 'छंद' या शब्दाकडे मी जरा जपून बघतो.

बरं, यावर माणसाने केलेले इलाज त्याहून भारी. पॅसिफिकमधल्या बेटांवर हीच आफ्रिकन गोगलगाय पिकं खायला लागली, तेव्हा तिला मारायला फ्लोरिडाची शिकारी गोगलगाय आणून सोडली, हवाईत १९५५ मध्ये, ताहितीशेजारच्या मूरियावर १९७७ मध्ये. बगवर पॅच! शिकारी बाईने मोठीला फारसा हात लावला नाही. तिथल्या पार्टुला नावाच्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा चिमुकल्या झाडगोगलगायी मात्र खाऊन संपवल्या. दहा वर्षांच्या आत मूरियावरच्या सगळ्या जाती रानातून गेल्या. वाचल्या त्या कशाने, तर काही संशोधकांनी मूठभर उचलून प्राणिसंग्रहालयांत छोट्या पेट्यांमध्ये ठेवल्या होत्या म्हणून. २०१५ पासून त्यांच्या पुढच्या पिढ्या परत बेटांवर सोडतायत. म्हणजे पेटीत गोगलगाय पाळणं हेच वाईट असंही मला म्हणता येत नाही. त्या पेट्यांवर जात, जन्म, आजी-पणजी सगळं लिहिलेलं होतं. माझ्या पिशवीवर 'चेन्नईचा माल' एवढंच.

मत्स्यालयातून निसटलेल्यांची यादी तर लांबच आहे. भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर शोभेच्या टाक्यांतलं कॉलर्पा शेवाळ सापडलं आणि पुढे तळाच्या तळ व्यापत गेलं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिला लायनफिश दिसला, हिंदी-पॅसिफिक महासागरातला मासा, बहुधा कोणीतरी टाकीतून सोडलेला. आता कॅरिबियनभर आहे. मी माझी नेराइट मांजरेत सोडली तर ती फार काळ जगणार नाही, तेव्हा अंबाजोगाईत बसून मी तसा निर्धास्त आहे. हा समुद्र लांब असण्याचा फायदा. पण हे वाचणारे निम्मे तरी मुंबईत आहात. टाकी मोडताना 'बिचाऱ्यांना समुद्रात सोडून देऊ' असं कोणाच्याही मनात येतं, दयेपोटीच येतं. वरळीच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर तुमच्या मेक्सिकोच्या, नाहीतर कुठल्या त्या, गोगलगायी सोडू नका. तिथे आधीच राहणारे आहेत. मुंबईच्या त्या काळ्या खडकांवर प्रवाळ आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी तिथल्या प्रवाळाच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, तेव्हा बातमी वाचून मी स्वतः चकित झालो होतो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले २०१७ पासून ओहोटीला लोकांना तिथे घेऊन जातात. एकदा जाऊन या. दगडाला चिकटलेल्या नेराइट तुम्हाला फुकटात बघायला मिळतील, आणि त्या कुठे पळून जाणार नाहीत, गेल्या तरी घरीच जातील.

असो. मित्रांच्या प्रश्नाकडे येतो. किती घेऊ?

आधी शून्य. शेवाळ आलंय म्हणजे टाकीत खाणं जास्त झालंय. माशांचा दाणा निम्मा करा, दिवा आठ तासांवर आणा, आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, काच स्वतः पुसा. सर्व्हरची डिस्क लॉग फाइल्सनी भरली की आपण डिस्क वाढवत नाही, इतके लॉग कोण लिहितंय ते शोधतो. (वाढवतो, माहितीय मला. पण वाढवायला नको.) आणि निळसर-लाल बुळबुळीत थर आला असेल तर ते शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. गोगलगायी त्याला विचारत नाहीत.

एवढं करूनही हिरवळ राहते, ती राहूही द्यावी थोडी. तेव्हा तीन-चार घ्या, जात विचारून. जो दुकानदार जात सांगू शकत नाही त्याच्याकडून नका घेऊ. आणि शेवाळ कमी पडेल तेव्हा त्यांना जेवायला घाला. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा, सुशीवाला नोरी, बिनमिठाचा, क्लिपने काचेला लावला की रात्रीत फस्त होतो. शेवाळ खाण्यासाठी आणलेल्या प्राण्याला विकतचं शेवाळ घालायचं, हे हास्यास्पद वाटतं ना? वाटू द्या. उंदरांसाठी मांजर आणलं तरी उंदीर संपल्यावर आपण त्याला दूध घालतोच की.

माझ्या वीसातल्या नऊ उरल्या होत्या. तीन पुढे वयाने म्हणा, माझ्या चुकांनी म्हणा, गेल्या. आता सहा आहेत आणि गेली दोन वर्षं सहाच आहेत. टाकी पूर्वीइतकी लख्ख नाही. मागची काच मी हिरवीच ठेवलीय, ते त्यांचं रान. पाहुणे विचारतात, साफ करत नाहीस का?

पाण्याबद्दलची लाज राहिलीच. दर आठवड्याला आठ लिटर खारं पाणी टाकीतून निघतं, म्हणजे पाव किलोहून जास्त मीठ. ते मी कुंडीत, परसात, मातीत कुठेच ओतत नाही, मोरीत सोडतो. मोरीतून पुढे ते कुठे जातं याचा विचार केला की बेन्सन आठवतो. टाकी छोटी करायचा विचार चालू आहे. मासे म्हातारे झाले की नवीन आणणार नाही, सहा गोगलगायींना चाळीस लिटर पुरतील. टँकरच्या महिन्यांत चाळीस लिटरही जास्तच आहेत, ते मान्य. यावर माझ्याकडे यापेक्षा बरं उत्तर नाही, आणि आईकडे आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही :)

आणि अण्णा. मी पुण्याला असतो त्या आठवड्यात टाकीचं पाणी ते भरतात. मी सांगितलं होतं, खुणेच्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरा, बाकी कशाला हात लावू नका. त्या उरलेल्या सहांत एक अ‍ॅस्ट्रिया आहे, तीच ती उलटी पडणारी. मागच्या महिन्यात मंगळवारी दुपारी मी कॉलवर होतो आणि अण्णांचा फोन. म्यूट करून घेतला.

"ती टोकदार पाठीची उताणी पडल्यालीय सकाळपसनं. पाय हलवायलीय. सरळ करू का?"

मी म्हणालो, करा.

"मोजे घालू?"

म्हटलं, नको अण्णा, हिला मोजे लागत नाहीत. हात मात्र साबण न लावता धुवा. पलीकडे नळाचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. माझ्या हेडफोनमध्ये मॅनेजर माझं नाव घेत होता.

"झाली. लागली चालायला," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.